मोटारसायकलची वायरिंग-सुधारणा : सेल्फ आणि चार्जिंग

मोटारसायकलचा सेल्फ जोमाने लागावा आणि बॅटरी पूर्ण चार्ज व्हावी म्हणून तिच्या तारा, सांधे आणि अर्थिंग यांत केलेला बदल. स्टार्टरला जाड केबल टाकणे, इंजिनाला वेगळी अर्थ तार देणे, रेग्युलेटरपासून बॅटरीपर्यंत थेट तार ओढणे, हेडलाइटला रिले बसवणे ही त्याची नेहमीची रूपे. ‘गाडी सेल्फ घेत नाही’ अशी तक्रार आली की पहिली कुऱ्हाड बॅटरीवर पडते. नवी बॅटरी येते, काही महिने चालते आणि तीही बसते. अशा वेळी बॅटरी बिचारी निर्दोष असते; विजेच्या वाटेत कुठेतरी एक सांधा खराब झालेला असतो.

विजेवर चालणारा स्टार्टर मोटारगाड्यांकडून दुचाकींकडे आला. चार्ल्स केटरिंगचा स्टार्टर 1912च्या कॅडिलॅकवर बसला. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या गाडीला सेल्फ मिळायला 1965 उजाडले, आणि त्या गाडीचे नावच इलेक्ट्रा ग्लाइड ठेवले गेले. भारतात बटणाची गोडी लावली ती 1984 साली आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक आणि जपानची होंडा यांची ती भागीदारी. जोडीला किक होती तोवर खराब सांधा खपून जायचा. आता कित्येक गाड्यांना किकच नसते, त्यामुळे वायरिंगचा दोष थेट रस्त्यावर उभे करतो.

दुखणे समजून घ्यायला ओहमचा नियम पुरतो. मध्यम आकाराचे इंजिन फिरवताना स्टार्टर क्षणभर 100 अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे 3 मिलिओहम, म्हणजे तेवढ्या प्रवाहाला 0.3 व्होल्ट वाटेतच गळतात. 16 चौरस मिलिमीटरची तार टाकली की ही गळती 0.1 व्होल्टवर येते. पण तारेच्या टोकाला बसवलेल्या एकाच गंजलेल्या थिंबलचा रोध 5 मिलिओहम असला तर अर्धा व्होल्ट तिथेच जातो. तार जाड करूनही असा सांधा तसाच राहिला, तर खर्च वाया.

हा दोष नजरेला दिसत नाही, मीटरला दिसतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवावा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि काळे टोक स्टार्टर मोटरच्या खुंटीवर टेकवून सोबत्याला सेल्फचे बटण दाबायला सांगावे. बटण दाबलेले असताना दिसणारा आकडा म्हणजे त्या वाटेतली गळती. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. त्यापुढे गेला तर एकेक सांधा वेगळा मोजत जायचे. मग इंजिनाच्या कवचापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तीच चाचणी. इथे 0.2 व्होल्टहून जास्त मिळाले तर अर्थिंग कच्चे आहे. फ्रेमच्या रंगावरच घट्ट केलेला अर्थचा बोल्ट हे त्याचे अगदी नेहमीचे कारण. रंग खरवडून, धातू चकचकीत करून, बोल्ट आवळून वर पेट्रोलियम जेली लावली की फुकटात दुरुस्ती होते.

चार्जिंगची बाजू याहून नाजूक आहे. इंजिनासोबत फिरणाऱ्या चुंबकामुळे स्टेटरच्या गुंडाळ्यांमध्ये वीज तयार होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर, म्हणजे मेकॅनिकच्या तोंडचे आरआर युनिट, तिचे डीसीत रूपांतर करून दाब साधारण साडेचौदा व्होल्टवर रोखते. बरीच युनिटे हा दाब स्वतःच्याच टोकाशी मोजतात. तिथे 14.4 व्होल्ट असले आणि पुढच्या तारेत 0.8 गळले, तर बॅटरीला 13.6 मिळतात. अशी अर्धपोटी बॅटरी कधीच पुरती भरत नाही. तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे जमतात आणि ती अकाली मरते.

स्टेटरच्या तारा जोडणारा कपलर आवर्जून उघडून पाहण्यासारखा असतो. तपकिरी पडलेले, कडेने वितळलेले प्लॅस्टिक दिसले की निदान झालेच. 0.1 ओहमच्या सांध्यातून 15 अँपिअर गेले तर 22.5 वॅट उष्णता होते, जवळजवळ रेडिओ दुरुस्तीच्या सोल्डरिंग आयर्नइतकी, आणि तीही प्लॅस्टिकच्या डबीत.

सुझुकीच्या 1970-80च्या दशकांतील जीएस मालिकेचे उदाहरण या संदर्भात प्रसिद्ध आहे. तिची इंजिने दणकट, पण स्टेटर जळणे पाचवीला पुजलेले. काही मॉडेलांत स्टेटरच्या तीनपैकी एक तार हेडलाइटच्या स्विचपर्यंत वर जाऊन परत येते, म्हणजे उगाच वाढलेली लांबी आणि उगाच वाढलेले सांधे. जाणकार मालक हा फेरा काढून तिन्ही तारा सरळ युनिटला जोडतात आणि युनिटची अर्थ तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला नेतात. जुने युनिट शंट प्रकारचे असते. जास्तीची वीज ते स्टेटर शॉर्ट करून जिरवते, त्यामुळे कॉइल सतत तापते. त्याजागी अनेकजण पोलारिसच्या वाहनांत येणारे शिंडेनगेनचे एसएच 775 बसवतात. ते सीरिज प्रकारचे आहे, गरज नसताना स्टेटरचा प्रवाह तोडते, त्यामुळे कॉइल थंड राहते.

भारतात 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप पेटणे सक्तीचे आहे, म्हणजे हा भार दिवसभराचा. जुन्या गाडीत 60/55 वॅटच्या हॅलोजनचा प्रवाह इग्निशन स्विच आणि हँडलवरचे बटण असा वळसा घेतो. बल्बपाशी 13.5ऐवजी 12 व्होल्ट पोचले तर प्रकाश जवळजवळ एक तृतीयांश घटतो. रिले लावल्यावर बटणातून फक्त रिलेपुरता प्रवाह जातो आणि दिव्याला बॅटरीकडून थेट वीज मिळते.

साहित्यात काटकसर करू नये. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, पण ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच. कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात उघडे तांबे लवकर हिरवे पडते, तिथे कल्हई केलेल्या बारीक तारांची केबल टिकते. थिंबल योग्य चिमट्याने दाबूनच बसवावे; नुसते सोल्डर केलेले टोक कडक होते आणि गाडीच्या थरथरीने तिथेच तुटते. युनिटपासून बॅटरीकडे नव्याने ओढलेल्या तारेला बॅटरीलगत फ्यूज हवाच. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी सोडायचे, जोडताना शेवटी. ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, असलेल्या बीएस-6 गाडीच्या मूळ हार्नेसला (तारांच्या जुडग्याला) मात्र कात्री लावू नये.

काम झाल्यावर इंजिन चार-पाच हजार फेऱ्यांवर ठेवून बॅटरीच्या खुंट्यांवरच मोजावे. 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसले तर चार्जिंग ठीक. 15च्या वर गेले तर युनिट बिघडले आहे, गाडी तशी चालवू नये. रात्रभर उभ्या गाडीची निरोगी बॅटरी सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. नव्या बॅटरीसाठी दुकानात जाण्याआधी वाचकांनी हे दोन आकडे आपल्या गाडीवर एकदा जरूर मोजावेत.