यंत्र होतं, खडकाची खबर नव्हती

विश्रांतवाडीत बोअरवेलची गाडी लागली की करडी भुकटी उडते. हा दख्खनचा बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो केव्हाच गार झाला. उन्हवऱ्याचं किंवा वज्रेश्वरीचं पाणी त्याच्यामुळे तापत नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथे तापतं आणि वर येतं.

या उष्णतेतून वीज किती मिळेल? पाणी, वाफ, दगड सगळेच एकमेकांवर परिणाम करतात, म्हणून हे गणित हाताने सुटत नाही. कॉम्प्युटरवर जमिनीखालचा खडक ठोकळ्यांत कापतात आणि प्रत्येकाला तापमान, दाब, भेगा देतात. १९८० मध्ये स्टॅनफर्डला वेगवेगळ्या गटांनी आपापल्या प्रोग्रॅमवर तीच सहा उदाहरणं सोडवली. उत्तरं बरीचशी जुळली, तेव्हा कुठे लोकांचा भरवसा बसला.

पण ठोकळ्यांत भरायचे आकडे आणायचे कुठून? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने कोकणात बोअर घेतल्या, त्याही काही शे मीटरच्याच. १९९१ मध्ये त्यांचा गरम झऱ्यांचा ॲटलास आला. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने परम ८००० उभा केला. महासंगणक घरचा, आणि त्याला खाऊ घालायला खोलीवरचं मोजमाप नाही!

खोल बोअर शेवटी झाली ती विजेसाठी नव्हे, भूकंपासाठी. १९६७ च्या धक्क्याने हादरलेल्या कोयना परिसरात २०१७ पर्यंत ३ किलोमीटर खोदाई झाली. सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला, खाली ग्रॅनाइट लागला. सह्याद्रीखालच्या उष्णतेचं मॉडेल करणाऱ्याला पहिले आकडे याच भोकातून घ्यावे लागतील.