चुकलेला पत्ता आणि तुटलेली तार

१९३६ सालच्या ३० एप्रिलला महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात मुक्कामास गेले, त्याचे नाव तेव्हा सेगाव होते; आणि गजानन महाराजांच्या समाधीमुळे सर्वदूर ठाऊक असलेले बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव त्याच भुसावळ-नागपूर लोहमार्गावर असल्याकारणाने, गांधीजींच्या नावाचे टपाल वाट चुकून तिकडे जाऊ लागले. अखेर १९४० साली गावाचे नावच पालटून सेवाग्राम असे ठेवण्यात आले. हे नाव उच्चारताना त्यातील सेवेचा अर्थ प्रथम मनात उमटतो, आणि तेच उचित आहे; परंतु घरच्या संगणकाचे इंटरनेट बंद पडते तेव्हा मला या नामांतरामागची टपालाची अडचण हटकून आठवते. पत्रे लिहिली जात होती, गाड्या धावत होत्या, थैल्या उतरत होत्या. मार्ग निर्दोष होता आणि खोट होती ती पत्त्यात.

तसे पाहिले तर आमचा वर्धा जिल्हाच नव्या पत्त्यांचा. १८६२ साली तो नागपूरपासून अलग झाला, त्याची कचेरी आरंभी पुलगावनजीकच्या कवठ्यास होती, आणि १८६६ साली ती पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी आणून तेथे वर्धा शहराची आखणी झाली. पुढच्याच वर्षी आगगाडी नागपुरास पोचली. कचेरी, टपाल, तारायंत्र आणि मागाहून दूरध्वनी या क्रमाने आमच्या मुलुखाचा बाहेरच्या जगाशी संबंध जुळत गेला, आणि तो संबंध तुटला म्हणजे तो कोठे तुटला हे हुडकून काढणाऱ्या माणसांची एक विद्याही त्यासोबत वाढत गेली. राजकारणाच्या इतिहासात वर्ध्यास मोठे मानाचे पान आहे; या विद्येस मात्र कोणी दप्तरी नोंदलेले नाही, याची मला खंत वाटते.

सेवाग्रामच्या आश्रमात बापूंच्या दप्तराच्या कुटीत आजही एक दूरध्वनी जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी तातडीने बोलता यावे, म्हणून तो तेथे बसविण्यात आला होता. माती आणि बांबू यांच्या त्या कुटीपाशी उभे राहिले म्हणजे दिल्लीच्या राजवाड्यापासून तिथवर पसरलेली तार डोळ्यांपुढे येते, आणि तिचे शेवटचे काही कोस आमच्या काळ्या मातीतून गेले असणार हेही ध्यानात येते. या मातीचा स्वभाव ज्याने जाणला नाही, त्यास वर्ध्यातील बिघाड कधी उमगायचा नाही. वैशाखात, पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेला की, तिला मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाच्या सरी आल्या की तीच फुगून येते. या ओढाताणीत पुरलेल्या केबलचे सांधे ढिले होतात, पाणी आत शिरते आणि तांब्यावर हिरवा गंज चढतो. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने खेड्यांसाठी वातानुकूलनाशिवाय चालणारे छोटे एक्सचेंज तयार केले, त्याचे मोल आमच्यासारख्या उष्ण प्रदेशास विशेष होते. पण एक्सचेंज टिकले तरी घरापर्यंतची तार मातीच्याच हवाली होती.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते प्रथम महानगरांत. जिल्ह्याच्या गावी पोचले ते मागाहून, आणि पोचले तेही याच दूरध्वनीच्या तारेवरून. मोडेमचा तो किंचाळल्यासारखा आवाज, फार तर ५६ हजार बिट्सचा वेग, आणि कोणी स्वयंपाकघरातला फोन उचलला की क्षणात तुटणारे संधान, हे सारे ज्यांनी अनुभवले त्यांना दोषशोधनाचा पहिला पाठ घरातच मिळाला: कान लावून ऐकणे. खरखर असेल तर तार खराब. शांत असेल तर फोन डेड. २००५ च्या सुमारास ब्रॉडबँड आले आणि ऐकण्याची जागा मोडेमवरच्या दिव्यांनी घेतली.

दिवे हिरवे असूनही पान उघडत नाही, तेव्हा मात्र सेगावची गोष्ट खरी कामास येते. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना केली; आपण नाव लिहावे आणि तिने त्याचा अंकी पत्ता काढून द्यावा, अशी ही तजवीज आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माइक म्यूस यांनी पिंग हा, दिलेल्या पत्त्यास हाक मारून उत्तराची वाट पाहणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. अंकी पत्त्यास पिंग केले असता उत्तर येते आणि नावास येत नाही, तर वाट शाबूत असून पत्त्याची वही हरवली आहे असे समजावे. संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल, तर त्यास राऊटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पटवाऱ्याच्या दप्तरात नोंद नसलेल्या घरासारखी त्याची गत होते. आणि राऊटरच्या १९२.१६८.१.१ सारख्या पत्त्यापर्यंत हाक पोचत असेल, तर निदान घराच्या भिंतींच्या आत सर्व काही ठीक आहे.

माझ्या घरी एका आषाढात हे सर्व करून झाले होते. राऊटरपर्यंत सारे ठीक होते आणि त्यापुढे काहीच नव्हते. तक्रारीवरून एक वयस्क लाइनमन आले. ‘‘काका, राऊटर बदलावा लागेल का?’’ असे मी विचारले, तर ते म्हणाले, ‘‘थांबा जी, आधी कुठवर येते ते पाहू.’’ कोपऱ्यावरच्या खांबावरील डीपीत, म्हणजे घरोघरच्या तारा जेथून फुटतात त्या पेटीत, त्यांनी पिशवीतला फोन लावून पाहिला: आवाज स्वच्छ. मग आमच्या भिंतीवरच्या पेटीत लावला: खरखर. उरले पंधरा हात. ती तार बोटांच्या चिमटीत धरून ते पावसात हळूहळू चालत आले, आणि कडुनिंबाची फांदी जेथे तिला घासत होती तेथे थांबले. काळ्या वेष्टणाखाली तांबे हिरवे होऊन पिठासारखे झाले होते. तेवढा तुकडा कापून त्यांनी दोन्ही टोके दातांनी सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली. आत राऊटरचा लुकलुकणारा दिवा स्थिर झाला. निघण्यापूर्वी त्यांनी पेटीचे झाकण उघडून आतल्या बाजूस पेन्सिलीने तारीख टाकली. तिच्या वर, निरनिराळ्या हस्ताक्षरांत, आधीच्या चार तारखा होत्या.