दंडाची पावती आणि विम्याचा हप्ता

मोबाइलवर गाडीच्या दंडाचं चलन आलं की घरात एकच वाक्य ऐकू येतं, 'भरून टाक, उगाच कटकट नको.' हल्ली त्याला एक भीतीही जोडलेली असते, की चलन नावावर राहिलं तर गाडीचा विमा महागेल. या भीतीत खरं किती, आणि चलन चुकीचं असेल तर काय करायचं, हे कळायला आज आपण थोडं मागे जाऊ या.

रेवदंड्याला परवाना आणि दंड नवीन नाहीत. आपल्या कोटात पोर्तुगीज होते तेव्हा चौलच्या बंदरातून निघणाऱ्या गलबताला त्यांचा 'कार्ताझ' घ्यावा लागे. कार्ताझ म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना. तो नसला, किंवा त्यात लिहिलेल्या अटी मोडल्या, की गलबत मालासकट जप्त. पकडणारे तेच आणि शिक्षा देणारेही तेच. 1740 साली हा किल्ला मराठ्यांकडे आला.

रस्त्यावरच्या कायद्यात हे दोन हात वेगळे आहेत. 1939 चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता. पोलिसाने आरोप लिहायचा आणि गुन्हा झाला की नाही ते मॅजिस्ट्रेटने ठरवायचं, ही रीत तेव्हाही होती. त्याच कायद्यात किरकोळ गुन्ह्यांसाठी एक सोय केली गेली. समन्स आलं की गुन्हा कबूल करून दंडाची रक्कम टपालाने पाठवायची, कोर्टाची पायरी चढायची गरज नाही. 1988 च्या कायद्यातही ती सोय कायम राहिली. पण बघा, सोय झाली ती कबूल करणाऱ्याची. ज्याला 'मी हे केलेलं नाही' म्हणायचं आहे, त्याने मात्र एसटी पकडून अलिबागला जायचं! आज मोबाइलवरून चलन भरणं ही त्याच वाटेची पुढची पायरी आहे. पैसे भरले की प्रकरण मिटतं, पण आरोपही आपल्या नावावर मान्य होऊन बसतो.

आता विमा. 1939 च्या कायद्यातलं सक्तीच्या विम्याचं प्रकरण महायुद्धामुळे लांबलं आणि 1 जुलै 1946 पासून लागू झालं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशी सक्ती 1927 साली आली होती, इंग्लंडात 1931 साली. हेतू साधा होता. गाडीखाली सापडलेल्या माणसाला भरपाई मिळावी, मालक कफल्लक निघाला तरी.

पुढे अमेरिकेत विमा कंपन्या चालकाचा दंडाचा इतिहास बघून हप्ता ठरवू लागल्या. आपल्याकडच्या ज्या मुली-सुना न्यू जर्सीत आहेत, त्यांना विचारा. तिथे लहानशा चुकीलाही 'पॉइंट' लागतात आणि हप्ता वाढतो, म्हणून लोक वकील करून कोर्टात जातात. त्या राज्याने 2000 साली 'असुरक्षित चालवणे' असा एक वेगळाच गुन्हा कायद्यात घातला. तो कबूल केला तर पहिल्या दोन वेळा पॉइंट नाहीत, मात्र दंडाशिवाय 250 डॉलर जास्तीचे भरायचे. पॉइंट चुकवण्याची ही सरकारमान्य किंमतच म्हणायची.

आपल्याकडे अजून तसं नाही. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं आणि स्कूटरसाठी तो इंजिनाच्या सीसीवर असतो, चलनावर नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो विमा असतो, त्यात क्लेम न केलेल्या वर्षांची सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, वाढत वाढत 50 टक्क्यांपर्यंत. ती जाते क्लेम केल्यावर. चलन आल्यामुळे जात नाही.

मग निर्धास्त राहावं का? विमा नियामकाच्या एका गटाने जानेवारी 2021 मध्ये अहवाल दिला. वाहतुकीचे नियम मोडणाऱ्यांकडून वेगळा हप्ता घ्यावा, दारू पिऊन चालवलं तर 100 गुण, चुकीच्या पार्किंगला 10, आणि सुरुवात दिल्लीत प्रयोगाने करावी, अशी ती शिफारस. मैत्रिणींनो, त्यातली आपल्या कामाची ओळ ही, की तो हप्ता गाडीच्या नोंदणीकृत मालकाने भरायचा. आपल्याकडे कितीतरी स्कूटर बाईच्या नावावर आहेत आणि साळावच्या पुलावरून ती पळवतो मुलगा किंवा दीर. असा नियम उद्या आला, तर गुण आपल्या नावावर चढतील.

आणि एक गोष्ट तर आजही लागू आहे. हेल्मेट नसल्याबद्दल केंद्रीय कायद्यात 1000 रुपये दंड आहे, शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता. अपात्र असताना कुणी गाडी चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला अंग काढून घ्यायला कायद्याने आधार मिळतो. हा आधार 1939 पासूनचा आहे. कोर्ट कंपनीला जखमी माणसाची भरपाई द्यायला लावू शकतं, पण ते पैसे कंपनी नंतर मालकाकडून वसूल करू शकते. म्हणून न केलेला गुन्हा 'कटकट नको' म्हणून कबूल करू नये.

चलन आलं की आधी फोटो उघडून बघा. नंबर आपलाच आहे का, रंग, मॉडेल जुळतं का, तारीख आणि जागा कोणती. गाडी त्या दिवशी दारात उभी असेल तर महाट्रॅफिक अॅपवर तक्रार नोंदवता येते. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची नोटीस 15 दिवसांत पाठवावी, असा नियम 2021 साली झाला. तेव्हा तारखाही ताडून बघा. तक्रार फेटाळली गेली तरी मॅजिस्ट्रेटपुढे नाकारायचा हक्क उरतोच. लोकअदालतीची नोटीस आली तर एवढं ध्यानात ठेवा, की तिथे तडजोड होते, निर्दोष असल्याचा निकाल मिळत नाही, आणि तडजोडीवर पुढे अपील नाही.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर 1987 चा विधी सेवा कायदा आपल्याच बाजूचा आहे. त्याच्या 12 व्या कलमाने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मागता येतो, तिची मिळकत कितीही असो. अर्ज अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. जाताना चलनाची प्रत, आरसी बुक, विम्याचा कागद आणि गाडीचा नंबर दिसेल असा फोटो बरोबर न्या.