लफडं, काडीमोड आणि कायदा

मागच्या अभ्यासवर्गात बाबुराव बागुलांची ‘काळोखाचे कैदी’ वाचली. वाचून झाली आणि आपला एक कार्यकर्ता म्हणाला, “बानू त्या देशमुखाकडं राहिलीच कशाला? आपल्यात काय पुरुष नव्हते?” चारजण हसले. पोरी गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यामुळं हे लिहितोय.

‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ चा. त्यातली ही कथा. बानू म्हणजे रामराव देशमुखानं ठेवलेली बाई. तो मरतो आणि त्याचा औरस पोरगा देवराम तिच्या मुळावर उठतो. मित्रांनो, ती राहिली का, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारा, ती कोणाच्या छपराखाली होती आणि ते छप्पर गेल्यावर तिच्या हातात काय उरलं? लग्न नाही म्हणून ती विधवा नाही. काडीमोडही नाही, कारण मोडायला काडीच नव्हती.

आता तीस वर्षं मागं चला. १९३३ साली विभावरी शिरूरकरांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं आणि पांढरपेशा महाराष्ट्र खवळला. टोपणनावामागं होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कथा शिकल्यासवरलेल्या पोरींच्या. लग्न लांबलेलं, मन मात्र गुंतलेलं. आपली पोरं ह्याला बामणी रडगाणं म्हणून बाजूला सारतात. मीही सारलं होतं. आता वाटतं, घाई केली.

कारण तेव्हाचा कायदा बघा. ज्या जातींत रूढीनं काडीमोड नव्हती, तिथल्या हिंदू बाईला मुंबई इलाख्यात घटस्फोटाची वाटच नव्हती. पुरुषाला मात्र एक असताना दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती. इलाख्यात द्विभार्याबंदी आली १९४६ ला, घटस्फोट १९४७ ला. म्हणजे लग्न झालेल्या माणसावर जीव जडलेली बाई ही नुसती फसलेली बाई नव्हे. त्याला दोन्ही घरं खुली होती, आणि त्याच्या बायकोला एकाचंही दार उघडून बाहेर पडता येत नव्हतं. प्रस्थापित समीक्षक गुंता मनात शोधत बसले. अर्धा गुंता कायद्यातच होता.

इथं आपण छाती फुगवतो. आपल्यात काडीमोड होती, पाट होता, आपली बाई मोकळी होती! अरे, थांबा. काडी मोडायची कोणासमोर? पंचांसमोर. पंच सगळे बाप्ये. दंड किती, पोरं कोणाकडं, वाळीत कोणाला टाकायचं, सगळं तेच ठरवणार.

२० जुलै १९४२ ला नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब स्वतः बोलले. त्या परिषदेत बायांनी ठराव केला की बाईला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क द्या, पुरुषाच्या अनेक बायका बंद करा. रूढीत सगळं मिळत होतं तर ह्या बायांनी कायदा कशाला मागितला असता? बानूची कथा वाचताना हा ठराव शेजारी ठेवा.

पुढं हिंदू कोड बिल रखडलं आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हिंदू विवाह कायदा १९५५ ला आला, तोही तुकड्यातला एक तुकडा. आणि दंडसंहितेतलं ४९७ कलम? परक्याच्या बायकोशी संबंध ठेवला तर गुन्हा, पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हा नाही! बाईची संमती हिशेबातच नाही. शेताच्या बांधावरनं भांडावं तसलं कलम. सर्वोच्च न्यायालयानं ते काढून टाकलं २७ सप्टेंबर २०१८ ला. तारीख तीच पडली, योगायोगानं.

पण नुसता कायदा लावला म्हणजे कथा वाचून झाली असंही नाही. बानूचा रामरावावर थोडाबहुत जीव असेल का? हा प्रश्न आपल्यात कोणी विचारत नाही. विचारला तर जातीचा द्रोह वाटतो. म्हणून आपण तिला ‘शोषित’ म्हणतो आणि पुस्तक मिटतो. देशमुखानं तिचं शरीर वाड्यावर ठेवलं. तिचं मन आपण ठरावात ठेवतो. चीड आणि माया एकाच बाईच्या पोटात असू शकते. घरी आईला विचारून बघा, ती सांगेल. सांगितलं तर.

पुढच्या वर्गात ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचायचं ठरलंय. आधी पोरी बोलतील. हसायचं असेल त्यांनी तोवर बाहेर चहा घ्यावा.