राजदूत, येझदी, आरएक्स १००: शहापूर-मुरबाडच्या पडवीत उभ्या असलेल्या गाड्यांचं आता करायचं काय?

शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घरी जा. पडवीत नाहीतर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली एक गाडी उभी दिसण्याची शक्यता बरीच आहे. सीट उसवलेली, टाकीवर गंज, आरशाचा नुसता दांडा उरलेला. विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाबांची हाय. विकायची नाय."

आमच्या मामाकडेही अशीच एक येझदी आहे. घेतली होती आजोबांनी, १९८० च्या सुमारास. मी लहान असताना तिच्या टाकीवर बसून "घुर्र घुर्र" केलंय, त्यामुळे या विषयात मी अगदी तटस्थ नाही हे आधीच सांगतो.

या गाड्या इथे आल्या कशा, चालवणारे त्यांच्याबद्दल इतकं भरभरून का बोलतात आणि आज कायद्याच्या नजरेत त्यांची जागा नेमकी कुठे आहे, हे एकदा नीट बघू. कारण यातल्या बऱ्याच गाड्या एका विचित्र कात्रीत सापडल्यात.

मुक्कामी एसटी आणि शेवटची लोकल

आधी भूगोल. शहापूर तालुक्यातून मध्य रेल्वे जाते. आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही स्टेशनं याच पट्ट्यातली. मुंबई-आग्रा महामार्गही इथूनच कसारा घाट चढतो. मुरबाडचं तसं नाही. कल्याणपासून साधारण ३० किलोमीटरवर असूनही मुरबाड गावात रेल्वे नाही. तिथे सगळा भार कल्याण-नगर रस्त्यावर, जो पुढे टोकावडे ओलांडून माळशेज घाटात शिरतो.

म्हणजे एका तालुक्यात स्टेशन आहे पण गाव स्टेशनपासून पंधरा-वीस किलोमीटर आत, आणि दुसऱ्यात स्टेशनच नाही. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, म्हसा या बाजूच्या माणसाचं आयुष्य एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेलं होतं. संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी ती मुक्कामी गाडी. ती चुकली की आसनगाव स्टेशनवर रात्र काढा, नाहीतर ट्रकला हात करा.

अशा ठिकाणी गावातली पहिली मोटरसायकल ही चैनीची वस्तू नव्हतीच. शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले, कल्याण-अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करणारे, ही पहिली गिऱ्हाईकं. रात्री कुणाला साप चावला, कुणाला कळा सुरू झाल्या की दार वाजायचं ते गाडीवाल्याचं. जुन्या लोकांशी बोलताना वेगाचे किस्से कमी निघतात आणि "त्या रात्री मी अमक्याला मागं बसवून दवाखान्यात नेलं" हे किस्से जास्त निघतात.

कुठल्या गाड्या होत्या?

सगळ्यात जास्त नाव निघतं राजदूतचं. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीच्या परवान्यावर १९६० च्या दशकात ही गाडी बनवायला घेतली. १७३ सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. पळायला मंद पण ओझ्याला दमदार. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, मध्ये वैरणीचा भारा, तरी चढ चढायची. धर्मेंद्रने तिची जाहिरात केली होती आणि गावाकडच्या माणसाला ते पटलंही, कारण गाडीचा बांधा तसाच होता. तिचीच एक छोट्या चाकांची बहीण होती, जीटीएस. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात ऋषी कपूर तिच्यावर दिसला आणि तिचं नावच 'बॉबी' पडलं.

दुसरी जावा-येझदी. रुस्तम आणि फारूख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीने १९६१ मध्ये म्हैसूरला कारखाना काढला आणि चेकोस्लोव्हाकियाची जावा इथे बनू लागली. १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं. २५० सीसी, एकच सिलिंडर पण दोन सायलेन्सर. ज्याच्याकडे येझदी तो गावात जरा वेगळा मानला जायचा.

बुलेट मोजक्याच. पाटील, ठेकेदार, पोलीस. पुण्याच्या कायनेटिकची लुना आणि बजाजची एम-८० या मात्र गल्लोगल्ली. अभिमानाने त्यांचे फोटो कुणी टाकत नाही, पण भाजी, मासळी आणि दूध खरं तर त्यांनीच वाहिलं.

मग नोव्हेंबर १९८५ मध्ये यामाहा आरएक्स १०० आली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजनाला हलकी. आधीच्या पिढीला गाडी पोहोचवायची असायची, या पिढीला पळवायची होती. तिच्याआधी, १९८३ मध्ये, एस्कॉर्ट्सनेच राजदूत ३५० आणली होती, म्हणजे यामाहाची आरडी. दोन सिलिंडरची ती गाडी इतकी पळायची आणि पेट्रोल इतकं प्यायची की इथल्या शेतकऱ्याच्या दारात ती क्वचितच दिसली.

गाडी शिकायची म्हणजे नुसती चालवायची नाही

भात कापून झालं की खाचरं कोरडी पडतात. तेच ड्रायव्हिंग स्कूल. बांध आडवा आला की ब्रेक शिकायचा आणि पडलात तर खाली पेंढा. पण त्याआधी एक वेगळाच अभ्यासक्रम पुरा करावा लागायचा.

येझदीचंच घ्या. तिची किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होते, गाडी सुरू झाली की परत खाली आणून त्याच दांड्याने गिअर टाकायचे. नवख्या माणसाला किक सापडायचीच नाही. मामा सांगतो, आजोबा गाडीला कुलूप न लावता बाजारात जायचे. चोराला चालू करता आली तर नेईल ना!

बुलेटची तऱ्हा आणखी वेगळी. तेव्हा तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. येझदीवाला उसनी बुलेट घेऊन निघाला आणि समोर म्हैस आली की सवयीने उजवा पाय दाबायचा. थांबण्याऐवजी गिअर पडायचा. किक मारण्याआधीही तयारी लागायची. डीकॉम्प्रेशनची छोटी कळ दाबून, ॲमीटरचा काटा बघत पिस्टन जागेवर आणायचा आणि मग पूर्ण वजन टाकायचं. घाई केली तर किक उलटी यायची आणि घोटा सुजायचा.

टू-स्ट्रोक गाड्यांचं दुखणं वेगळं. या इंजिनात तेल वेगळं फिरत नाही, ते पेट्रोलमधूनच जातं. राजदूत आणि येझदीत लिटरमागे साधारण ४०-५० मिली तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन तापून अडकणार, जास्त झालं तर प्लग काळा होऊन गाडी बंद. आरएक्स १०० ला तेलाची वेगळी टाकी आणि पंप होता, त्यामुळे तिचे मालक या कटकटीतून सुटले.

यातून घाट उतरण्याचं एक खास तंत्र तयार झालं. माळशेज किंवा कसारा उतरताना तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनात पेट्रोल जाणं जवळपास थांबतं. पेट्रोल नाही म्हणजे तेलही नाही, आणि चाकं तर इंजिनाला फिरवतच आहेत. मग इंजिन कोरडं पडून जॅम व्हायची भीती. म्हणून जाणते लोक उतारावरही मधूनमधून रेस द्यायचे. त्यात राजदूतचा दिवा सहा व्होल्टचा. इंजिन मंद झालं की उजेडही मंद. पावसाळ्यात, धुक्यात, रात्री माळशेज उतरायचा तर उजेडासाठीसुद्धा रेस द्यावी लागायची. आजोबा म्हणायचे, घाटात गाडी कानाने चालवायची. लहानपणी ही मला फुशारकी वाटायची. इंजिन कसं चालतं हे वाचल्यावर कळलं, म्हातारा बरोबर होता.

पेट्रोलचा काटा हा प्रकार राजदूतला नव्हता. टाकी हलवून आवाज ऐकायचा. गाडी फुसफुसली की कॉक रिझर्व्हला. तेही संपलं की गाडी एका अंगावर आडवी करायची, म्हणजे टाकीच्या दुसऱ्या बाजूला साठलेलं घोटभर पेट्रोल इकडे येतं आणि तेवढ्यावर पुढचं गाव गाठता येतं. बॅगेत कायम प्लगपाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा. पावसात प्लगच्या टोपीला प्लास्टिकची पिशवी. गाडी लावायची ती उतारावरच, कारण किकेला नाही तर ढकलून तरी सुरू व्हायला हवी. वर्षातून एकदा सायलेन्सर काढून जाळायचा, म्हणजे आतला कार्बन मोकळा होतो आणि आवाज परत खणखणीत.

आवाजावरून तर गाव ओळखायचं. "मास्तर आले" हे मास्तर वळणावर असतानाच कळायचं.

पौष पौर्णिमेला म्हसा इथे यात्रा भरते, गुरांचा मोठा बाजार असतो. तिथे ट्रिपल सीट गेल्याचे किस्से प्रत्येकाकडे आहेत. मोटार वाहन कायद्यात दुचाकीवर मागे एकच माणूस चालतो हे या सगळ्यांना आता माहीत आहे, पण किस्सा सांगताना कुणी संख्या कमी करत नाही.

आणि एक गोष्ट या आठवणींत हळूच वगळली जाते. यातल्या बऱ्याच गाड्या विकत घेतलेल्या नव्हत्या, लग्नात मिळालेल्या होत्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, म्हणजे म्हैसूरच्या कारखान्याच्याच वर्षाचा. तरी लग्न ठरवताना "गाडी देणार का" हे विचारलं जायचं. त्या गाडीचे हप्ते फेडणाऱ्या मुलीच्या बापाची आठवण कुणी अजून लिहिलेली नाही.

मग या गाड्या गेल्या का?

मायलेज. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये तेल मिसळायची भानगड नाही, आणि एका लिटरमध्ये राजदूतच्या कितीतरी पुढे. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली आणि विषयच संपला. वर धुराचे नियम कडक होत गेले, आणि टू-स्ट्रोक इंजिन काही तेल न जळताच बाहेर फेकतं. १९९६ मध्ये आरएक्स १०० चं उत्पादन थांबलं. त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद पडला.

नावं मात्र परत आली. महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्सने २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी पुन्हा बाजारात आणली. त्या फोर-स्ट्रोक आहेत, सेल्फ स्टार्टच्या. मामाने एक चालवून बघितली. "चांगली हाय. पण ही येझदी नाय," म्हणाला.

आता कात्री काय आहे?

जुनी गाडी म्हणजे व्हिंटेज, असं आपण सरसकट म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. त्यानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल न केलेली दुचाकी-चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिच्या नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. शिवाय ही गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

आता हिशोब करा. १९८५ ची आरएक्स १०० व्हिंटेज होणार २०३५ मध्ये. आजोबांची येझदी २०३० च्या आसपास. तोपर्यंत ती कायद्याने साधी जुनी दुचाकी. साध्या दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. पडवीतल्या बहुतेक गाड्यांचं ते कित्येक वर्षांपूर्वीच संपलंय. म्हणजे व्हिंटेज व्हायला वय कमी आणि रस्त्यावर यायला कागद नाहीत. भंगारवाला नेमका याच काळात दारात येतो.

गाडी वाचवायची असेल तर करायच्या गोष्टी अशा.

आधी आरसी बुक शोधा. जुनी छोटी पुस्तिका असेल. नसेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद करून फॉर्म २६ भरून दुसरी प्रत मागता येते, पण त्यासाठी निदान नंबर हवा. प्लेट गंजून जायच्या आत चासी आणि इंजिन नंबरचे फोटो काढून ठेवा.

मग 'वाहन' पोर्टलवर नंबर टाकून बघा. खूप जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसते. ती आरटीओत मूळ कागद दाखवून चढवून घ्यावी लागते. याला बॅकलॉग एंट्री म्हणतात.

मालक हयात नसेल तर कायदा सांगतो की ३० दिवसांत आरटीओला कळवा आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करा. पडवीतल्या गाड्यांचं घोडं बहुतेकदा इथेच अडतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, वारस पाच, त्यातले दोन ठाण्यात आणि एक बोलत नाही. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, पण वारसांच्या संमतीचे कागद जमवावे लागतात.

नाव बदललं की फॉर्म २५ भरून नूतनीकरण. १५ वर्षांवरच्या दुचाकीसाठी एप्रिल २०२२ पासून हे शुल्क १,००० रुपये झालं, आधी ३०० होतं. २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी ते २,००० केलं गेलं. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उशिराचा दंड. तपासणीला गाडी चालू स्थितीत न्यावी लागते, त्यामुळे आधी मेकॅनिक, मग आरटीओ. जुना पॉइंट लावून देणारा मेकॅनिक अजून धंद्यात असेल तर त्याला आजच फोन करा, तोही साठीपुढचा असणार.

आणि मूळ सायलेन्सर, टाकी, दिवा बदलायच्या मोहात पडू नका. पुढे 'व्हीए' नंबर हवा असेल तर गाडी मूळ रूपात लागते. अर्धी गाडी 'मॉडिफाय' करून रील टाकणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

आमच्या येझदीचं आरसी बुक गेल्या दिवाळीत सापडलं. आजीच्या ट्रंकेत, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत, आजोबांच्या सहीसकट. पाच वारसांपैकी चौघांनी सह्या केल्यात. मामा पाचव्याकडे जाणार आहे, म्हशाच्या यात्रेत तो हमखास भेटतो म्हणून.