दुधाच्या मुलखात सिप्रो

बारामती-इंदापूर हा आमचा दुधाचा मुलूख. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि चारा, गोठ्यात संकरित गाई. त्यामुळे 'गोळी उष्ण पडते, दुधाबरोबर घे' हा सल्ला घरोघरी ठरलेला. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या बाबतीत तो चुकतो.

या औषधाचं मूळ हिवतापाच्या क्लोरोक्विनपाशी आहे. अमेरिकेत जॉर्ज लेशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना क्लोरोक्विन बनवताना निघालेल्या एका उपपदार्थावरून धागा सापडला आणि १९६२ साली नॅलिडिक्सिक ॲसिड पुढे आलं. ते मुख्यतः लघवीच्या संसर्गापुरतंच. नंतर जपानी संशोधकांनी त्याच सांगाड्यावर फ्लोरिनचा अणू बसवून नॉरफ्लॉक्सॅसिन केलं, आणि १९८०च्या दशकात जर्मनीच्या बायर कंपनीचं सिप्रो आलं. आपल्याकडे १९७०च्या कायद्याने औषधाला नव्हे, ते बनवण्याच्या कृतीला पेटंट मिळे. म्हणून भारतीय कंपन्यांनी ते स्वस्तात विकलं. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या टायफॉइडवर ते रामबाण ठरलं. मग आपण ते इतकं खाल्लं, की टायफॉइडचे जंतू त्यालाही निर्ढावले.

जंतूच्या डीएनएची प्रत निघताना सुतळीसारखा पीळ चढतो. गायरेज नावाचं विकर धागा कापून, पीळ सोडवून पुन्हा जोडतं. औषध नेमकं त्या कापलेल्या जागी अडकतं आणि जोड होऊ देत नाही. तिथे पकड घ्यायला त्याला मॅग्नेशियमचा आधार लागतो. गंमत म्हणजे धातू धरणारं हेच टोक पोटात दुधातलं कॅल्शियमही धरतं. नुसत्या दुधाबरोबर घेतलेल्या सिप्रोचा सुमारे तिसरा हिस्सा रक्तात पोचतच नाही. ॲसिडिटीचं औषध आणि लोहाची गोळी यांनी नुकसान आणखी मोठं.

मला जास्त काळजी रमजानची वाटते. सहेरीचं दूध आणि सगळ्या गोळ्या एकाच घाईत घशाखाली जातात. कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर सिप्रो, हे अंतर सांभाळणार कसं? त्यात ग्लिमेपिराइड घेणारा मधुमेही असेल, तर साखर धोकादायक खाली येऊ शकते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. ती वापरायला आपले बुजुर्ग उगाच लाजतात. स्टेरॉइड चालू असलेल्या वयस्कांची टाचेमागची शीर तुटू शकते. अमेरिकेत २००८ साली यासाठी ठळक इशारा छापायला लावला.

दवाखान्यात जाताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांपुढे ठेवा. त्यात पाठदुखीची टिझॅनिडिन निघाली, तर सिप्रो देताच येत नाही; रक्तदाब एकदम कोसळू शकतो.