बूम ऑपरेटरच्या पिशवीतला इतिहास

तुमच्यापैकी बरेच जण हा एपिसोड इअरफोन लावून ऐकताय, काही जण नंतर इथे वाचताय.

तुम्ही कधी शूटिंग बघायला थांबला असाल तर एक माणूस नक्की दिसला असेल. दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात लांबलचक काठी आणि काठीच्या टोकाला मांजरासारखं केसाळ काहीतरी. गर्दीचं लक्ष हिरोकडे असतं आणि या माणसाचं लक्ष हिरोच्या तोंडाकडे. हा बूम ऑपरेटर. तो पुरुषच असतो असंही नाही, आता मुलीही हे काम करतात. मी स्वतः काही शॉर्ट फिल्म्सवर बूम धरलाय, त्यामुळे चार मिनिटांच्या टेकनंतर खांद्यांचं काय होतं हे मला चांगलं माहीत आहे.

बूम ऑपरेटरच्या पिशवीत काय काय असतं? काठी, एक-दोन माइक, माइकचा झुलता पाळणा, वाऱ्यासाठी कव्हर, हेडफोन, केबल, हल्ली वायरलेस ट्रान्समीटर, बॅटऱ्या, टेप. 'काय विकत घेऊ?' असं विचारणाऱ्यांसाठी याद्या खूप मिळतात. आज आपण बघूया की या वस्तू पिशवीत आल्या कशा. कारण यातली जवळपास प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी अडचणीवर काढलेला तोडगा आहे.

मूळ अडचण आधी समजून घेऊ. मोकळ्या जागेत माइक आणि तोंड यांच्यातलं अंतर दुप्पट केलं, की आवाजाची पातळी ६ डेसिबलने घसरते. पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. म्हणजे माइक लांब गेला की माणूस बारीक होतो आणि खोली मोठी होते. माइक जवळच हवा, पण कॅमेऱ्याला दिसता कामा नये. गेली जवळपास शंभर वर्षं सगळी झटापट या एकाच गोष्टीसाठी चालू आहे.

फुलदाणीतला माइक

१९२७ साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' आला आणि स्टुडिओंची बोलपटांकडे धाव सुरू झाली. पण तेव्हाचे कॅमेरे खडखडाट करायचे. म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना काचेची खिडकी असलेल्या बंद खोक्यात कोंडायचे. आतमध्ये इतकं उकडायचं की त्या खोक्यांना थट्टेने 'आइसबॉक्स' म्हणायचे. माइक लपवायचे फुलदाणीत, टेलिफोनमागे, सोफ्याच्या आड. नटाने माइकजवळ जायचं, थांबायचं, वाक्य बोलायचं, मगच हलायचं. पुढे १९५२ च्या 'सिंगिंग इन द रेन'मध्ये याची मस्त टिंगल केली आहे. नटी मान वळवते आणि झुडपातल्या माइकला अर्धं वाक्यच ऐकू येतं!

आपल्याकडे हीच गोष्ट मुंबईत घडली. 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिक सिनेमात लागला. दिग्दर्शक अर्देशीर इराणी. त्यांचा स्टुडिओ साउंडप्रूफ नव्हता, वर रेल्वेचे रूळ जवळच. मग त्यांनी काय करावं? गाड्या बंद झाल्या की रात्री शूटिंग. माइक दिसणार नाही अशा जागा शोधून तिथे दडवायचे. वाजवणारेसुद्धा फ्रेमच्या बाहेर, आडोशाला बसायचे, कारण गाणं आणि संवाद दोन्ही तिथेच, त्याच क्षणी रेकॉर्ड व्हायचं. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर उमटायचे. म्हणजे आवाज बिघडला तर शॉटच पुन्हा घ्यायचा. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात प्रभातने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला.

काठी

आता काठी कुठून आली? सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट १९२९ च्या 'द वाइल्ड पार्टी'ची आहे. दिग्दर्शक डोरोथी आर्झनर, नायिका क्लारा बो. क्लारा मूकपटांची मोठी स्टार, सेटभर बागडणारी. ती फुलदाणीपाशी खिळून कशी राहणार? तेव्हा आर्झनरबाईंनी मासे पकडायच्या गळाच्या काठीला माइक लावून तो तिच्या डोक्यावरून फिरवायला लावला, असं सांगतात. या शोधावर हक्क सांगणारे आणखीही आहेत. विल्यम वेलमन आणि लायनेल बॅरीमोर यांची नावंही घेतली जातात. मला यात आश्चर्य वाटत नाही. अडचण सगळ्या सेटवर एकच होती, त्यामुळे तोडगाही एकाहून जास्त जणांना सुचला असणार. इंग्रजीत हातात धरायच्या या काठीला आजही 'फिशपोल' म्हणतात.

तिसाव्या दशकात स्टुडिओंनी या काठीला चाकं लावली. मोल-रिचर्डसनसारख्या कंपनीचे बूम म्हणजे छोटी क्रेनच. ऑपरेटर वर फळीवर उभा राहणार, हँडल फिरवून हात लांब-आखूड करणार आणि माइक या नटाकडून त्या नटाकडे वळवणार. माइक त्या काळी जड असायचे, ते तासन् तास हातावर पेलणं शक्यच नव्हतं. आज काठी कार्बन फायबरची असते, एकात एक सरकणारी. ती पूर्ण उघडून डोक्यावर धरली की समजतं, दर ग्रॅमला किंमत का आहे ते!

काठी वरूनच का धरायची, हेही सांगतो. वरून माइक खाली रोखला की त्याच्या समोर नट आणि मागे जमीन. जमीन गप्प असते. खालून वर रोखला तर मागे आकाश, विमानं, छतावरचा पंखा. पण वरून धरलं की माइकची सावली पडायची भीती. म्हणून चांगला बूम ऑपरेटर सेटवर आला की पहिल्यांदा लाइट्स कुठे लावलेत ते बघतो.

माइक, पाळणा आणि मांजर

माइक हलके आणि नेमके झाले तेव्हा हातातली काठी खऱ्या अर्थाने सुटली. जर्मनीच्या सेनहायझरचा एमकेएच ४१६ हा सत्तरच्या दशकातला माइक आजही जगभरच्या सेटवर दिसतो. लांबी साधारण २५ सेंटिमीटर, वजन पाव किलोपेक्षा कमी. याला शॉटगन माइक म्हणतात. पुढच्या नळीला बाजूने चिरा असतात. समोरून आलेला आवाज सरळ आत जातो. बाजूचा आवाज वेगवेगळ्या चिरांतून थोडा पुढे-मागे पोहोचतो आणि आपला आपणच बराचसा रद्द होतो.

पण हे मुख्यतः वरच्या पट्टीतल्या आवाजांना लागू पडतं. ट्रकची घरघर बाजूनेही आत शिरतेच. आणि छोट्या खोलीत भिंतींवरून परतलेला आवाज या नळीचा हिशोबच बिघडवतो. म्हणून पिशवीत दुसरा माइक असतो, नळी नसलेला, आखूड. बाहेर शॉटगन आणि आत आखूड माइक, हा साधा नियम पुष्कळ जण पाळतात.

माइक काठीला घट्ट आवळला तर हाताची प्रत्येक हालचाल रेकॉर्ड होते. म्हणून तो रबराच्या किंवा लवचीक प्लॅस्टिकच्या पाळण्यात झुलता ठेवतात. मग वारा. वारा थेट माइकच्या पडद्यावर आदळला की नुसतं भडभड ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणजे जाळीची पोकळ नळकांडी. जर्मन एअरशिपसारखा आकार म्हणून तिला 'झेपेलिन' म्हणतात. आतली हवा शांत राहते. वारा जास्त असेल तर वरून केसाळ कव्हर. वाऱ्याचा जोर त्या केसांतच मोडतो. याला इंग्रजीत सरळ 'मेलेलं मांजर' म्हणतात, काय करणार!

हेडफोन, टेपरेकॉर्डर आणि टाय

सुरुवातीच्या काळात आवाज रेकॉर्ड करायचं यंत्र म्हणजे ट्रकभर सामान. स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्या पोलिश तरुणाने, स्टेफान कुडेल्स्कीने, १९५१ मध्ये खांद्याला अडकवता येईल असा टेपरेकॉर्डर बनवला. नाव नागरा. पोलिश भाषेत त्याचा अर्थ 'रेकॉर्ड करेल'. दशकाच्या शेवटी आलेल्या नागरा-३ नंतर दोन माणसं, एक यंत्र आणि एक काठी एवढ्यावर डोंगरातही शूटिंग करता येऊ लागलं.

रेडिओ माइकची गंमतही ऐका. १९६४ च्या 'माय फेअर लेडी'त रेक्स हॅरिसनने आधी रेकॉर्ड केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला. मी सेटवरच म्हणणार, म्हणाला. मग त्याच्या टायखाली वायरलेस माइक लपवला. आज शर्टाच्या आत माइक चिकटवणं सेटवर रोजचंच झालंय आणि ते कामही पुष्कळदा बूम ऑपरेटरच करतो. म्हणून पिशवीत त्वचेला चालणारी टेप, कापसाचे छोटे तुकडे, कात्री. आणि सगळ्यात आधी लागतं ते नम्रपणे विचारणं, कारण तुम्ही कुणाच्या तरी कपड्यांत हात घालताय.

कपड्याची सळसळ, दागिन्यांची किणकिण आली की लपवलेला माइक हरतो. मग वरचा बूमच वाचवतो.

काठी होती, पण तिचं ऐकत कोण होतं?

आता आपल्याकडे परत येऊ. आपल्या स्टुडिओंमध्ये बूम होते आणि बरीच वर्षं संवाद सेटवरच रेकॉर्ड व्हायचे. पण साठ-सत्तरच्या दशकात शूटिंग बाहेर पडलं. ॲरिफ्लेक्स २सी हा हलका कॅमेरा सगळीकडे वापरला जाऊ लागला. तो कुठेही नेता यायचा, पण शिलाई मशिनसारखा वाजायचा. त्यात आपल्या रस्त्यांवरचा गोंगाट. शेवटी सगळ्यांनी सोपा मार्ग धरला : सेटवर कच्चा आवाज घ्यायचा, तो फक्त संदर्भासाठी, आणि नंतर स्टुडिओत बसून डबिंग करायचं. काठी वर होतीच, पण तिने पकडलेला आवाज थिएटरपर्यंत पोहोचत नव्हता.

डबिंगला मी नावं ठेवत नाही. ती स्वतंत्र कला आहे, आपल्याकडच्या कलाकारांनी ती कमाल केली आहे. पण त्यात काय जातं तेही बघा. आवाज माणसापासून सुटा झाला की तो बदलताही येतो. १९९८ च्या 'गुलाम'मध्ये राणी मुखर्जी पडद्यावर आहे, पण आवाज तिचा नाही. दुसऱ्या कलाकाराकडून डबिंग करून घेतलं होतं. नंतर तोच किंचित घोगरा आवाज तिची ओळख झाला.

चित्र फिरलं २००१ मध्ये. 'लगान'चं शूटिंग भूजजवळ झालं आणि लोकेशन साउंड सांभाळला नकुल कामटे यांनी. एवढा मोठा हिंदी सिनेमा, उघडं माळरान, क्रिकेट मॅचला हजारोंची गर्दी, आणि संवाद तिथेच रेकॉर्ड करायचे! याला सिंक साउंड म्हणतात. त्यासाठी फक्त साउंडवाल्यांनी नाही, अख्ख्या युनिटने गप्प राहायला शिकावं लागतं. या सिनेमाच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीचा 'दिल चाहता है'सुद्धा सिंक साउंडचा. आणि २००९ मध्ये रसूल पूकुट्टी यांना 'स्लमडॉग मिलियनेअर'साठी ऑस्कर मिळालं. ते शिकले पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात.

मराठीसाठी मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' आठवा. वीरा साथीदार, म्हणजे त्यातले लोकशाहीर नारायण कांबळे, हे प्रत्यक्षात चळवळीतले कार्यकर्ते होते. अशा माणसाला नंतर काचेच्या खोलीत बसवून 'तेच वाक्य, तसंच पुन्हा म्हणा' म्हटलं तर तो बोलेल, पण तो श्वास, ती जागा, ते मध्येच थांबणं पुन्हा येईलच असं नाही. आपली बोली दर वीस-पंचवीस मैलांवर बदलते असं आपण अभिमानाने सांगतो. मग ती बोली जिथे बोलली जाते तिथेच नीट पकडायला कुणीतरी हात वर करून उभं राहायला हवं ना?

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर

पैसे कमी असतील तर आधी बंद हेडफोन घ्या, ज्यात बाहेरचा आवाज शिरत नाही. सोनीचे एमडीआर-७५०६ नव्वदच्या दशकापासून यासाठी प्रसिद्ध आहेत. माइक भाड्याने मिळतो, पण कान आपलेच तयार करावे लागतात. मऊ तळाचे बूट घाला. न वाजणारे कपडे घाला. जादा बॅटऱ्या आणि जादा केबल ठेवा. काठीवर हात घट्ट आवळू नका, बोटांची घाससुद्धा ऐकू येते.

आणि संवाद पाठ करा. खरंच. समोरचा बोलायला लागल्यावर माइक वळवलात तर पहिलं अक्षर गेलंच म्हणून समजा. पुढचं वाक्य कुणाचं हे माहीत असेल तरच काठी वेळेवर पोहोचते. मी पहिल्यांदा बूम धरला तेव्हा रेकॉर्डिस्टने मला माइकच्या आधी स्क्रिप्ट दिली होती. का, ते पहिल्याच टेकला कळलं.

बूम ऑपरेटरचं काम नीट झालं की प्रेक्षकाला ते कळतच नाही. त्यामुळे पुढच्या वेळी सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका. नावांच्या त्या लांब यादीत 'बूम ऑपरेटर' शोधा आणि कुणाचं नाव दिसलं ते मला कमेंटमध्ये लिहून पाठवा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा!